फोटो कुणालाही न दाखवता थांबवणारी सेवा: 'टेक इट डाउन'चा माझा अनुभव

"दार लावू का, मॅडम?" असं विचारत मूल आत आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. शाळेत समुपदेशक म्हणून मला अकरा वर्षं झाली. पूर्वी या प्रश्नामागे घरातलं भांडण असायचं, परीक्षेची भीती असायची. आता बहुतेक वेळा मुलाच्या हातात फोन असतो आणि तो छातीशी घट्ट धरलेला असतो.

त्या दिवशी आलेली मुलगी नववीतली होती. विश्वासाने एकाला पाठवलेला खासगी फोटो एका ग्रुपमध्ये फिरत होता. फोटो कसला, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो सगळीकडून जाईल असं काहीतरी करा ना."

'सगळीकडून' असं वचन कुणीच देऊ शकत नाही आणि ते मी तिला दिलं नाही. पण त्या दुपारी आम्ही 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरली. त्यानंतर आणखी दोन मुलांसोबत वापरली. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ही सेवा चालवते 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' ही अमेरिकेतली संस्था. हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी ती १९८४ पासून काम करते. 'टेक इट डाउन' त्यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केली. सुरुवातीचा पैसा मेटा कंपनीने दिला. अमेरिकेबाहेरच्या मुलांनाही ती वापरता येते. ती नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या फोटो-व्हिडिओंसाठी आहे, आणि ते काढले तेव्हा त्यातली व्यक्ती १८ वर्षांखालची असली पाहिजे. म्हणजे आज कुणी वीस वर्षांचं असेल आणि फोटो पंधराव्या वर्षीचा असेल, तरी चालतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा जोडून बनवलेल्या खोट्या फोटोंसाठीही ती आहे. शाळांमध्ये हा दुसरा प्रकार वाढताना मी पाहते आहे आणि त्यात बिचाऱ्या मुलाने कुणाला काहीच पाठवलेलं नसतं.

आता ती चालते कशी, ते सांगते. मुलीनेही मला आधी तेच विचारलं. "म्हणजे मी तो फोटो परत कुणालातरी पाठवायचा?" तिच्या आवाजातली धास्ती मला अजून आठवते. नाही, पाठवायचा नाही. वेबसाइटवर फोटो निवडला की त्याचा 'हॅश' तयार होतो. हॅश म्हणजे आकडे आणि अक्षरं यांची एक लांबलचक ओळ, आणि ती मुलाच्या स्वतःच्या फोनवरच तयार होते. संस्थेकडे फक्त ती ओळ जाते. फोटो फोनमधून हलत नाही. मी तिला अंगठ्याच्या ठशाचं उदाहरण दिलं. ठशावरून माणूस तोच आहे का हे ताडून पाहता येतं, पण ठसा बघून कुणाला त्याचा चेहरा काढता येत नाही. सेवेत सामील झालेल्या कंपन्यांना ही ओळ मिळते. त्यांच्याकडे तसाच ठसा असलेला फोटो आढळला की त्यांना तो काढून टाकता येतो किंवा पुढे पसरण्यापासून अडवता येतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट ही त्यातली मुलांच्या रोजच्या वापरातली नावं.

नाव विचारत नाहीत. ईमेल नाही, फोन नंबर नाही, शाळा नाही. काही साधे प्रश्न असतात, तेवढेच. मुलं ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात तीच इथे करावी लागत नाही: आपण कोण हे सांगायचं नाही आणि फोटो कुणाला दाखवायचा नाही. माझ्या लेखी या सेवेचं खरं मोल यात आहे. काय झालं हे मूल एकदा सांगू शकतं, फार तर दोनदा. पण तो फोटो वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, आईवडील असा एकेकासमोर ठेवायला लावणं म्हणजे जखम पुन्हा पुन्हा उघडणं आहे.

आम्ही ते असं केलं. मी माझी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. माझ्या लॅपटॉपवर तीच वेबसाइट उघडी होती, तिच्या फोनवरही. मी प्रश्न वाचायचे, अर्थ सांगायचे, ती उत्तर निवडायची. फोटो निवडायची वेळ आली तेव्हा मी गप्प राहिले. एवढी शांतता त्या खोलीत मी क्वचित अनुभवली आहे. मग ती म्हणाली, "झालं बहुतेक." सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

पण त्याआधी एक अडचण आली होती, आणि ती प्रत्येक पालकाने, शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. घाबरून तिने स्वतःच्या फोनमधला फोटो डिलीट केला होता. फोटो जवळ नसेल तर ठसा काढणार कशाचा? नशिबाने तो 'अलीकडे डिलीट केलेले' या फोल्डरमध्ये सापडला. बऱ्याच फोनमध्ये तो तिथे साधारण ३० दिवस राहतो. आपण मोठी माणसं रागाच्या भरात पहिलं वाक्य काय बोलतो? "आधी ते सगळं डिलीट कर." हातातला पुरावाही त्याने जातो आणि हा उपायही. म्हणून आधी हॅश, धमकीचे मेसेज असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट, आणि नंतर डिलीट. स्क्रीनशॉट मेसेजचे काढायचे, फोटोचे नाही. फोटो 'पुरावा म्हणून मला पाठव' असं तर शिक्षकाने कधीच म्हणू नये. मुलाचा असा फोटो जवळ बाळगणं हाच कितीतरी देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या बैठकीत एका सहकाऱ्याने अगदी कळकळीने सुचवलं होतं की सगळ्यांचे फोन गोळा करून एकेक तपासू. त्यांना मदतच करायची होती. पण तपासताना तो फोटो आणखी चारपाच मोठ्या माणसांनी पाहिला असता, आणि ज्या मुलीला वाचवायचं तिला दुसऱ्या दिवशी शाळेत यायला तोंड राहिलं नसतं. मी विरोध केला. आवाज चढला माझा, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता सेवेच्या मर्यादा. त्या संस्था स्वतःच वेबसाइटवर सांगते, तरी मुलाला आधीच नीट समजावून द्याव्यात, नाहीतर नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

पहिली आणि मोठी मर्यादा: जी कंपनी सामील नाही तिथे याचा उपयोग नाही. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या मेसेजमध्ये काय चाललंय ते कंपनीलाच दिसत नाही, त्यामुळे तिथे ठसा जुळवून पाहणार कोण? आमच्या मुलीचा फोटो ज्या ग्रुपमध्ये फिरत होता तो याच जातीचा. तिथे शेवटी माणसांशीच बोलावं लागलं. ग्रुपमधल्या मुलांना एकेकटं बोलावून, त्यांचे फोन न उघडता. पुढे पाठवणाराही जबाबदार असतो हे त्यातल्या अर्ध्या मुलांना माहीतच नव्हतं. दोन जण रडले.

दुसरी: फोटो कापला, त्यावर काही लिहिलं, फिल्टर लावला की त्याचा ठसा बदलतो. कुणीतरी त्यावर घाणेरडी ओळ लिहून तो तिलाच चिडवायला पाठवला होता. तो वेगळा धरून त्याचा हॅश वेगळा काढावा लागला. जेवढी रूपं आपल्या हाती आहेत तेवढी सगळी निवडायची. मात्र ती मिळवण्यासाठी इतरांना 'मला पाठवा' म्हणायचं नाही.

तिसरी गोष्ट मनाला लागते. उत्तर येत नाही. नाव-पत्ता दिलेलाच नसतो, त्यामुळे "सापडला, काढला" असा निरोप आम्हाला कधी आला नाही. मुलगी आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारायची, "काही कळलं का?" मी रोज तेच सांगायचे की कळणार नाही, पण दार बंद करायचं काम आपण केलंय. अनामिकतेची ही किंमत आहे हे मला पटतं. चौदा वर्षांच्या मुलीला ते पटवणं फार कठीण गेलं.

ही सेवा वापरली म्हणून बाकीच्या गोष्टी सोडायच्या नाहीत. ज्या ॲपवर फोटो दिसला तिथे थेट तक्रार करायचीच. पैसे मागत कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर नाहीच. एकदा दिलं की मागणी वाढत जाते. त्या माणसाला ब्लॉक करायचं आणि पोलिसांकडे जायचं. सेवेत एकदा नोंदवलेला फोटो मुलाने स्वतः कुठे टाकायचा नाही हेही सांगावं.

शोधताना नावाचा घोळ होतो, म्हणून एक सूचना. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत याच नावाचा कायदा झाला. तक्रार आल्यापासून ४८ तासांत असा मजकूर काढण्याचं बंधन तो कंपन्यांवर घालतो. ती वेगळी गोष्ट. शोधताना सेवेच्या नावासोबत संस्थेचं नावही टाका. आणि फोटोतली व्यक्ती तेव्हा १८ वर्षांची किंवा मोठी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा आहे. तीही हॅशवरच चालते.

वेबसाइट मुलांना एकट्याने जमण्यासारखी आहे. तरी घाबरलेल्या मुलाला साधा प्रश्नही उमगत नाही, हे मी तिन्ही वेळा पाहिलं. शेजारी कुणीतरी हवं. वेबसाइटच्या पायऱ्या मी आता मराठीत एका कागदावर लिहून काढल्यात. पहिली ओळ ठळक आहे: 'अजून काहीही डिलीट करू नकोस.' दुसरी: 'तू कोणाला काही दाखवायचं नाहीस.' तो कागद टेबलाच्या वरच्या खणात असतो. खोलीतली एक खुर्ची मी कायमची भिंतीकडे वळवून ठेवली आहे. नव्याने आलेलं मूल तिच्यावर बसायला जातं, तेव्हा मी सांगते, "ती माझी. तू इकडे बस."