अँड्रॉइडच्या बटणाचा रंग बदलायचाय: बॅकग्राउंड, टिंट की थीम?

लेआउटमध्ये बटण टाकलं, बॅकग्राउंडला हिरवा रंग दिला, ॲप चालवलं, तरी बटण जांभळंच. अँड्रॉइड शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो, आणि चूक त्याची नसते. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड स्टुडिओ ४.१ पासून नव्या प्रोजेक्टला मटेरियल कंपोनंट्सची, म्हणजे गूगलच्या तयार डिझाइन-घटकांची, थीम मिळू लागली. ही थीम असली की एक्सएमएलमधलं साधं 'बटण' चालवताना आपोआप 'मटेरियल बटण' होतं, आणि ते आपला रंग टिंटमधून, म्हणजे चित्रावर वरून चढणाऱ्या रंगछटेतून, घेतं. टिंट येतो थीमच्या मुख्य रंगातून, म्हणजे टेम्प्लेटमधल्या त्या जांभळ्यातून. तुमचा हिरवा खाली असतो, वर जांभळा चढतो.

तर पर्याय तीन. बटणाचं बॅकग्राउंड बदला, टिंट बदला किंवा थीमच बदला.

बॅकग्राउंडचा रस्ता सगळ्यांत आधी सुचतो आणि बहुतेक वेळा तोच चुकीचा असतो. अँड्रॉइडमध्ये बॅकग्राउंड म्हणजे नुसता रंग नव्हे, ते एक अख्खं चित्र असतं: गोल कोपरे, बोट टेकवल्यावर पसरणारी लाट म्हणजे रिपल, आणि बटणाच्या कडेची मोकळी जागा, सगळं त्यात. ॲपकॉम्पॅट या जुन्या अँड्रॉइडलाही चालणाऱ्या लायब्ररीच्या साध्या बटणावर 'सेट बॅकग्राउंड कलर' चालवलंत की ते चित्र निघून जातं आणि जागी एकरंगी चौकोन बसतो. कोपरे टोकदार होतात, रिपल बंद पडतो. बाजूची ४ डीपी (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेशी जुळवून घेणारं माप) आणि वर-खालची ६ डीपी जागा गेल्याने बटण फुगल्यासारखं दिसतं, शेजारी दुसरं बटण असेल तर दोन्ही एकमेकांना चिकटतात. मटेरियल बटणात हीच मेथड थोडी शहाणी आहे. मूळ बॅकग्राउंड कायम असेल तर ती आकार राखून फक्त रंग बदलते. म्हणजे एकच ओळ दोन प्रोजेक्टमध्ये दोन तऱ्हेने वागते. कुठून तरी उचललेला कोड 'माझ्याकडे चालत नाही' असं वाटतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

टिंटचं तसं नाही. चित्र जागच्या जागी राहतं, वर रंग चढतो. 'बॅकग्राउंड टिंट' हे ॲट्रिब्यूट अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे एपीआय २१ पासून आहे, त्यामुळे आजच्या बहुतेक ॲप्सना आवृत्तीची काळजी करायला नको. एका-दोन बटणांचा रंग वेगळा हवा असेल तर मी डोळे झाकून टिंट घेईन, पण एका अटीवर: त्याला एकच रंग देऊ नका, रंगांची स्टेट लिस्ट, म्हणजे बटणाच्या प्रत्येक अवस्थेला कुठला रंग ते सांगणारी यादी, द्या.

किराण्याच्या ॲपमधलं 'ऑर्डर पक्की करा' हे बटण घ्या. पिनकोड भरेपर्यंत ते बंद असतं. टिंटला सरळ एक हिरवा रंग दिला तर बंद बटणही तितकंच हिरवंगार दिसतं. ग्राहक दाबत राहतो, काहीच होत नाही, आणि ॲप बिघडलंय असं समजून तो निघून जातो. यावर उपाय छोटासा आहे. 'रेस'मधल्या 'कलर' फोल्डरमध्ये एक सिलेक्टर फाइल, म्हणजे हीच स्टेट लिस्ट, करा. पहिली ओळ: एनेबल्ड नसेल तर राखाडी. शेवटची ओळ, कुठलीही अट न घालता: हिरवा. क्रम महत्त्वाचा, कारण सिस्टिम वरून खाली येते आणि पहिली जुळणारी ओळ उचलते. हिरवा वर ठेवलात तर राखाडीची पाळीच येणार नाही. कोडमधून रंग बदलतानाही हीच फाइल 'कॉन्टेक्स्ट कॉम्पॅट'च्या 'गेट कलर स्टेट लिस्ट'ने वाचा. 'व्हॅल्यू ऑफ' वापरून एका रंगाची लिस्ट बनवलीत तर फिरून तोच घोळ.

कोडमधून रंग देणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कलर रिसोर्सचा आयडी म्हणजे रंग नव्हे. तो सरळ मेथडला दिला तर भलताच रंग येतो, आधी 'गेट कलर'ने खरा रंग काढावा लागतो. आणि कोटलिनमध्ये हेक्स आकडा लिहिताना सुरुवातीचे दोन अंक अपारदर्शकतेचे असतात. सहाच अंक लिहिलेत तर अपारदर्शकता शून्य धरली जाते आणि रंग दिसतच नाही. एक्सएमएलमध्ये सहा अंक चालतात, म्हणून हा फरक पटकन लक्षात येत नाही. जुन्या कोडमध्ये बॅकग्राउंडवर 'सेट कलर फिल्टर' दिसेल. रंग आणि मोड घेणारं त्याचं रूप एपीआय २९ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे यापुढे वापरू नये असं ठरवलेलं, आहे. नव्याने लिहू नका.

सगळ्या ॲपची बटणं बदलायची असतील तर थीम, दुसरा विचारच नको. थीममधला मुख्य रंग बदला आणि त्यासोबत 'कलर ऑन प्रायमरी', म्हणजे त्यावरच्या अक्षरांचा रंगही बदला. ही जोडी फार मोलाची आहे. शुद्ध पिवळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०७ ला १ इतका भरतो. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीच्या एए पातळीवर साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवा. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला असं बटण वाचताच येणार नाही. थीमचा दुसरा फायदा डार्क मोडचा: 'व्हॅल्यूज-नाइट' फोल्डरमध्ये वेगळे रंग ठेवले की प्रत्येक लेआउट उघडून बघावा लागत नाही.

मग बॅकग्राउंडला हात कधी लावायचा? ग्रेडियंट हवा असेल किंवा आकारच सर्वस्वी वेगळा असेल तेव्हा. तेव्हा मटेरियल बटणाचा टिंट 'नल' करा, नाहीतर थेट ॲपकॉम्पॅट बटण वापरा, आणि शेपला रिपलच्या आत ठेवायला विसरू नका.

जेटपॅक कंपोजमध्ये, म्हणजे एक्सएमएलऐवजी कोटलिनमध्येच स्क्रीन लिहिण्याच्या पद्धतीत, काम करत असाल तर 'मॉडिफायर'चं बॅकग्राउंड बटणाला लावू नका. रंग बटणाच्या मागे पडतो आणि कोपऱ्यांतून चौकोन डोकावतो. 'बटण डिफॉल्ट्स'च्या 'बटण कलर्स'मध्ये 'कंटेनर कलर' द्या, सोबत 'कंटेंट कलर'ही द्या. बंद बटणाचा रंग तिथे वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे त्यासाठी सिलेक्टर लिहावा लागत नाही. मटेरियलच्या जुन्या आवृत्तीवर, मटेरियल २ वर, असाल तर त्याच जागी 'बॅकग्राउंड कलर' असं नाव दिसेल.