मामा तलावात बोटुकली सोडावी की मरळ वाढू द्यावी?

भंडारा-गोंदियातल्या एखाद्या मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातल्या) तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेने घेतला की पहिल्याच बैठकीत वाद लागतो. कटला, रोहू, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची, की मरळ, शिंगी, मागूर या गावच्या मासळीसाठी तलाव सुधारायचा?

पैसा लवकर हवा असेल तर बोटुकली. पाणी टिकलं तर कटला वर्षभरात किलोच्या आसपास भरतो आणि ठोक गिऱ्हाईकही मिळतं. पण हे मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातल्या वाहत्या पाण्याचे, साचलेल्या तलावात ते वाढतात पण वीत नाहीत. हिरालाल चौधरींनी १९५७ साली इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळतं. ते मात्र दरवर्षी विकतच आणावं लागतं.

मरळीला बीज लागत नाही, तिला पाणवनस्पती लागतात. मरळीचे नर आणि मादी मिळून वनस्पतींच्या आडोशाला घरटं करतात आणि पिल्लं राखतात. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, थोडा वेळ थांबून बघा. काठाजवळ तांबूस पिल्लांचा घोळका वर येतो, तेवढंच पाणी उकळल्यासारखं हलतं, आणि खाली मोठी मरळ असतेच. असा घोळका दिसला तर तिथे जाळं टाकू नये. राखणारी मरळ उचलली की पिल्लं राहत नाहीत.

यात पैसा कमी लागतो, कष्ट जास्त. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम हे माजणारं झुडूप मुळासकट उपटायचं, कारण कापलेलं पुन्हा फुटतं. मग तळ नांगरायचा आणि पाणी आलं की वनस्पती लावायच्या. कुठली वनस्पती कुठे धरते हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायांना विचारा. फळ दिसायला दोन-तीन पावसाळे जातात. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे थोड्याशा पाण्यात जिवंत बाजारात जाते आणि कटल्यापेक्षा चढा भाव घेते.

माझं मत विचाराल तर, उन्हाळ्यातही तलावात डोह उरत असेल तर गावची मासळी आधी. सोबत कटला-रोहू सोडायला हरकत नाही, फक्त बोटुकली मोठी घ्या, बारीक बीज मरळच खाऊन टाकते. गवत्या (ग्रास कार्प) मात्र नको, तो वनस्पतीच फस्त करतो. सायप्रिनसही (कॉमन कार्प) नको, तो तळ उकरतो. थाई मागूर या परदेशी जातीवर तर देशात बंदीच आहे. बीजाची पिशवी ‘मिश्र’ म्हणून घेऊ नका, एकेक जात विचारून घ्या.