बेबी मॉनिटर: बाळ सांभाळणारीच्या बाजूने

आई-बाबांनी लिहिलेले अनुभव पुष्कळ आहेत. पण मॉनिटर विकत मालकांनी घेतला तरी त्याचा रिसिव्हर (बाळाजवळच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज देणारा छोटा स्क्रीन) दिवसभर कमरेला असतो माझ्या. मी त्यांच्या घरी राहून बाळ सांभाळते.

आमचा मॉनिटर वायफाय नसलेला, 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारा. चित्र आणि रेंज ठीक. मायक्रोवेव्ह चालू झाला की चित्र अडखळतं, ते चालवून घेते.

लिहायला बसले ते बॅटरीमुळे. रिसिव्हरची बॅटरी फुगली, मागचं झाकणच बसेना. 'सतत चार्जिंगला ठेवला' म्हणून सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. अहो, रात्रभर चालू ठेवायची वस्तू चार्जिंगला लावायची नाही तर काय करायचं? घरात निम्मा खर्च माझ्याकडून घ्यायची गोष्ट निघाली, मी सरळ नाही म्हटलं. कामाचं साधन घरच्यांचं, दुरुस्तीही त्यांचीच.

कॅमेऱ्याचा मला आधी राग होता. माझ्यावरच नजर ठेवायला लावलाय असं वाटायचं. आता मत बदललंय. तान्ही बाळं झोपेत कण्हतात, हातपाय हलवतात, डोळे मिटलेलेच असतात. आवाज ऐकून धावत जाऊन उचललं तर उलट जागी होतात. स्क्रीनवर दिसतं म्हणून मी थांबते, आणि बहुतेक वेळा ते पुन्हा झोपतं.

खरी अडचण रात्रीची. व्हॉक्स मोडमध्ये (आवाज झाला की रिसिव्हर आपोआप सुरू होतो तो मोड) सेन्सिटिव्हिटी वाढवली तर बाळाने कूस बदलली तरी मला जाग, कमी केली तर रडणं ऐकू येणार नाही ही धास्ती. म्हणजे रिसिव्हर उशाशी असेल ती रात्र माझी नाहीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या घरकामगारांच्या करारात (क्रमांक 189) हाक येईल म्हणून तयार राहण्याचा वेळ कामाचा धरायला सांगितलंय. किती धरायचा ते त्या त्या देशाचे कायदे आणि तिथले सामूहिक करार ठरवतात. आठवड्याला सलग 24 तास सुट्टीही त्यात आहे. हे मी घरच्या मालकीणताईंना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. आता ठरलेल्या रात्री रिसिव्हर त्यांच्या खोलीत, बाकीच्या रात्रींचे तास वहीत.

घेणार असाल तर बॅटरी बदलता येणारा, दोन रिसिव्हरचा घ्या. कॅमेऱ्याची वायर पाळण्यापासून किमान 3 फूट लांब ठेवा. आणि मॉनिटर आहे म्हणून बाळाला पालथं झोपवू नका, उताणंच झोपवा. पाळण्यात उशी नको, मऊ खेळणी नकोत.