गालावर टेकवलेलं यंत्र आणि बिनलेबलची डबी

डिसेंबर लागला की चेहऱ्याच्या क्रीमच्या बिनलेबल डब्या विकणारे पुन्हा टेबलं मांडतील, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. गेल्या हिवाळ्यात माझे ४८०० रुपये गेले. पैशांचं दुःख करून झालं, चेहऱ्याचं अजून संपलेलं नाही. आणि माझ्या हाताने माझ्या भाचीचंही नुकसान झालं, ते मला जास्त लागलंय.

मी मानेवाड्याला राहते, शाळा हिंगण्याकडे, सकाळची. नागपूरची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण चेहऱ्याला थंडीपेक्षा कोरडी हवा जास्त छळते. हवेत ओलावा नसला की ती कातडीतला ओढून घेते. साडेसहाला स्कूटी काढली की रिंग रोड संपेपर्यंत गाल ताणून यायचे, नाकाच्या कडेला पापुद्रे, जरा हसलं तरी ओठांच्या कोपऱ्यात चीर. घरात खोबरेलाची बाटली थिजलेली असायची आणि सकाळी ती पातळ करत बसायला वेळ कोणाला असतो?

अशा वेळी एका प्रदर्शनात साड्यांच्या स्टॉलशेजारी एक टेबल दिसलं. पांढरा कोट घातलेली बाई, वय असेल तिशीचं. "ताई, तुमची स्किन तर पूर्ण वाळून राहिली. बसा ना, चेक फुकट आहे." तिच्या हातात पेनसारखं यंत्र होतं, टोकाला धातूचे दोन ठिपके. तिने आधी कसल्याशा बोळ्याने गाल पुसला, गार वाटलं, स्पिरिटसारखा वास आला. मग यंत्र टेकवलं. आकडा आला १८. "चाळीसच्या वर पाहिजे," ती म्हणाली. लगेच डबीतलं बोटभर क्रीम चोळलं, पुन्हा टेकवलं. आकडा ६३. माझ्या मागे उभ्या बायकांनी तो पाहिला आणि दोघींनी तिथेच पर्स उघडली.

हे यंत्र कसं चालतं ते मला तेव्हाच सुचायला हवं होतं, मी मुलांना विज्ञान शिकवते. दोन ठिपक्यांमधून बारीकसा विद्युतप्रवाह जातो. पृष्ठभाग ओला असला तर आकडा चढतो, कोरडा असला तर पडतो. पुढे शाळेतल्या एका बाईंकडे तसलंच यंत्र निघालं. मी गालाला नुसतं नळाचं पाणी लावून टेकवलं, आकडा साठच्या पुढे गेला. स्पिरिटने पुसून टेकवलं, धाडकन खाली आला. यंत्र खोटं नव्हतं. पण त्याने माझ्या कातडीची तब्येत मोजलीच नव्हती, वरचा ओलेपणा तेवढा मोजला होता.

दोन डब्यांचं 'विंटर पॅकेज' घेतलं. डबी पांढरी, झाकणावर सोनेरी फूल, कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही. विचारलं तर म्हणाली, "केशराचं घरगुती आहे ताई, ताजं बनवतो, म्हणून छापत नाही." बिल मागितलं तर "बिलावर जीएसटी लागेल, तुम्हालाच महाग पडेल." पैसे फोनवरून पाठवले, ते कुठल्या दुकानाच्या नाही, एका माणसाच्या खात्यात गेले. एवढ्या खुणा समोर होत्या!

चार दिवसांत चेहरा बदलला. पापुद्रे गेले, लाली गेली, रंग उजळला. स्टाफरूममध्ये विचारणा सुरू झाली. माझी भाची सक्करदऱ्याला राहते, एकोणीस वर्षांची, पिंपल्सनी हैराण. दुसरी डबी मी तिला दिली.

जानेवारीच्या शेवटी माझी डबी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर गाल भाजल्यासारखे लाल. पाणी लावलं तरी आग. दुपारी शाळेतून परतताना स्कार्फमधूनसुद्धा ऊन टोचायचं. त्या बाईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "घाबरू नका ताई, अंगातली घाण बाहेर पडून राहिली. अजून दोन डब्या लावा, थांबेल." आणि हेच सगळ्यात घातक आहे, कारण ते खरं वाटतं. लावलं की खरंच थांबतं. भाचीकडे अजून थोडं उरलं होतं, ते मागवून मी लावलं आणि एका रात्रीत लाली बसली. क्रीम गुणाचंच आहे, असं मला वाटलं.

आठवड्यात ते उरलंसुरलंही संपलं आणि चेहरा आधीपेक्षा जास्त पेटला. मग मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, स्किन ओपीडीत रांग लावली. डॉक्टर मॅडमनी चेहरा उजेडाकडे वळवला, गालावरच्या बारीक लाल शिरा पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली ट्यूब लावत होता?" मी डबी काढून दिली. त्यांनी मान हलवली. "अशा डब्यांमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. तुमच्या चेहऱ्यावर त्याचीच लक्षणं दिसताहेत."

त्यांनी समजावलं ते असं. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉईडं एक्झिमासारख्या (इसब) त्वचेच्या आजारांची औषधं आहेत, डॉक्टर ती ठरावीक दिवसांपुरती देतात. चेहऱ्यावर लावली की रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे लाली जाऊन रंग उजळ दिसतो. रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, पुरळ येतं, गालावर लव वाढते. थांबवलं की त्याच वाहिन्या फुगतात आणि आग होते. म्हणून माणूस पुन्हा डबीकडे वळतो. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ मध्ये सरकारने बंदी केली आहे, तरी ती अशी केशराच्या नावाने विकली जातात. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पाराही सापडतो, आणि तो मूत्रपिंडांपर्यंत जातो.

भाचीच्या गालावर, कानाजवळ, लव दिसू लागली होती. "मावशी, हे जाईल ना?" असं तिने ओपीडीच्या बाकावर विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतरचे चार महिने कठीण गेले. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, तशात तो चेहरा घेऊन शाळेत जायचं. फेशियल नाही, मेकअप नाही, डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. हिवाळ्यासाठी त्यांनी सांगितलेलं एवढं सोपं होतं की मला रडू आलं: चेहऱ्याला कढत पाणी नको, अंगाचा साबण नको. चेहरा नुसता टिपून ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत ग्लिसरीन किंवा सेरामाइड (कातडीत ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेलं क्रीम लावायचं, ओठांना आणि नाकाच्या कडेला व्हॅसलीन. क्रीमचं मुख्य काम आहे ते पाणी अडवून धरणं, म्हणून ओल्या चेहऱ्यावर लावायचं. भरपूर पाणी प्यायचं ते तब्येतीसाठी, पण वरून काही लावलं नाही तर पापुद्रे तसेच राहतात. याचा खर्च महिन्याला दोनशेच्या आत. आणि याने चार दिवसांत गोरं होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ वर मी तक्रार केली. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. बिल नाही आणि त्या बाईचा फोन आता लागत नाही, त्यामुळे माझ्याजवळ पुरावा म्हणून खात्यात गेलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट आणि ती डबी एवढंच उरलं.

तुमच्याकडे अशी डबी असेल आणि तुम्ही ती रोज लावत असाल, तर घाबरून एकाएकी बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कसं थांबवायचं ते तेच सांगतील. आणि डबी फेकू नका. झाकण लावून पिशवीत बांधून ठेवा, तळाला चिकटलेलं क्रीमसुद्धा तपासणीला कामी येतं. भाचीने तिची डबी रागाच्या भरात कचरागाडीत टाकली होती.