मोसंबीच्या कोवळ्या कलमांचा पहिला उन्हाळा : वनस्पतिजन्य द्रव्यांपैकी कोणते, केव्हा आणि कशासाठी

जुलैत लावलेल्या मोसंबीच्या कलमाची खरी परीक्षा पुढच्या मार्च ते जून या चार महिन्यांत होते. तोपर्यंत त्याची मुळे खड्ड्यात भरलेल्या मातीच्या फारशी बाहेर गेलेली नसतात आणि वरची पाने मात्र मोठ्या झाडाच्या पानांइतकेच ऊन सोसत असतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात उभ्या बागा वाळल्या, त्यानंतर या पट्ट्यात नवी लागवड करणारा प्रत्येक जण पाण्याबरोबर आणखी काही आधार शोधतो. कृषी सेवा केंद्रात त्याला समुद्रशैवालाचा अर्क, ग्लायसिन बीटाईन, सॅलिसिलिक आम्ल अशी नावे ऐकू येतात आणि शेजारी शेवग्याच्या पाल्याचा अर्क सुचवतात. ही सगळी द्रव्ये ‘झाडाला ताण सहन करायला लावतात’ असे एकाच वाक्यात सांगितले जाते. परंतु ती एकच काम करत नाहीत, आणि निवड चुकण्याचे मुख्य कारण तेच आहे.

पाणी कमी पडू लागले की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचा इशारा देणारे संप्रेरक वाढते, पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात आणि बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी, घटते. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचा प्रवेशही थांबतो, ऊन मात्र पडतच राहते. वापरता न आलेली ती ऊर्जा पेशीत घातक ऑक्सिजन-रूपे तयार करते आणि पानांच्या कडा करपू लागतात. बाहेरून दिलेले द्रव्य या साखळीत तीनच ठिकाणी हात घालू शकते : ताण येण्याआधी मुळांचा पसारा वाढवणे, ताण चालू असताना पेशींचे रक्षण करणे, किंवा पानांतून जाणारे पाणी अडवणे. कोणतेही द्रव्य पाणी निर्माण करत नाही, ही गोष्ट विक्रेत्यासमोर उभे असताना विसरली जाते म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

पहिल्या प्रकारात समुद्रशैवालाचा अर्क येतो. (शैवाल ही काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हे, पण बाजारात आणि व्यवहारात त्याची गणना याच गटात होते.) आपल्याकडे दोन कुळांचे अर्क मिळतात. एक उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरील ॲस्कोफायलम या तपकिरी शैवालाचा, जो आयात होतो. दुसरा कॅपाफायकस या लाल शैवालाचा, ज्याची शेती तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर होते आणि ज्याचा रस काढण्याचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने विकसित केले. मोसंबी लावणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्याच्या बाजूने एक थेट पुरावा आहे. फ्लोरिडात ‘हॅम्लिन’ या गोड संत्र्याच्या कुंडीतील कलमांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाणी तोडलेल्या कलमांपैकी ॲस्कोफायलमचा अर्क मिळालेल्या कलमांची वाढ अर्क न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. आपली मोसंबी ही गोड संत्र्याचाच प्रकार असल्यामुळे गहू किंवा टोमॅटोवरील निष्कर्षांपेक्षा हा दाखला अधिक जवळचा ठरतो. तरीही तो कुंडीतला, रोपवाटिकेतला दाखला आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर-अंबडच्या भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

या अर्काची मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. मुळे वाढायला जमिनीत ओल लागते, त्यामुळे एप्रिलमध्ये आळे कोरडे पडल्यावर केलेल्या आळवणीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. पावसाळा सरताना, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात, ओल असताना ठिबकातून किंवा आळ्यात दोन-तीन वेळा दिला आणि थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत पुन्हा दिला, तरच खर्च वसूल होण्याची शक्यता आहे. मात्रा उत्पादनानुसार बदलते, म्हणून ती लेबलावरून घ्यावी. मात्र ते लेबल खते नियंत्रण आदेशाखाली नोंदलेल्या जैव-उत्तेजकाचे (झाडाची वाढ आणि ताणसहनता वाढवणाऱ्या द्रव्याचे) आहे की नाही, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजके १९८५ च्या या आदेशाच्या कक्षेत आणली गेली, तरी नोंदणीशिवायच्या बाटल्या अजूनही फळीवर दिसतात.

ग्लायसिन बीटाईन हे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे पेशीरक्षक द्रव्य आहे. त्याचे नावच बीटवरून पडले असून साखर-बीटच्या मळीतून ते व्यापारी प्रमाणावर काढले जाते. बीट आणि पालक ताणाच्या वेळी ते स्वतः साठवतात. लिंबूवर्गीय झाडे मात्र त्याऐवजी प्रोलिन आणि प्रोलिन बीटाईन या त्याच्या भावंडांवर भर देतात. म्हणून मोसंबीला बाहेरून ग्लायसिन बीटाईन देणे म्हणजे तिच्या घरात नसलेली वस्तू आणून देणे होय, आणि हेच त्याचे बलस्थान मानता येईल. पानात शिरल्यावर ते सहसा मोडून खाल्ले जात नाही, कोवळ्या शेंड्यांकडे वाहत जाते, पेशीपटल आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सावरते आणि वाढ मुद्दाम रोखत नाही. प्रयोगांत सामान्यतः ५० ते १०० मिलिमोलर तीव्रता वापरली जाते, म्हणजे लिटरला सुमारे ६ ते १२ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला हे प्रमाण ९० ते १८० ग्रॅम होते, आणि बहुतेकांचा विचार येथेच खर्चापाशी अडतो. स्वस्त पर्याय म्हणून पशुखाद्याच्या दुकानातले बीटाईन हायड्रोक्लोराइड आणू नये. ते तीव्र आम्लधर्मी असते आणि कोवळी पाने करपवू शकते. फवारणी ताण दिसण्याच्या आठ-दहा दिवस आधी व्हावी, कारण पाने गुंडाळल्यावर आणि रंध्रे मिटल्यावर आत जाण्याची वाट अरुंद झालेली असते.

सॅलिसिलिक आम्ल हे दुकानातल्या तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चटकन चुकणारे आहे. विलोच्या, म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या, सालीशी त्याचे नाव जोडलेले आहे. पण आज पुडीत येणारे आम्ल कारखान्यात फिनॉलपासून बनते, त्यामुळे ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द तेथे वंशावळीपुरताच खरा आहे. ते अन्न किंवा आच्छादन नसून इशारा आहे : कमी मात्रेत मिळाले की झाड आपली ऑक्सिडीकरण-रोधक विकरे (एन्झाइम) वाढवते, रंध्रे काही प्रमाणात आवळते आणि पुढच्या ताणासाठी सज्ज होते. अर्धा ते एक मिलिमोलर ही वापरातील मात्रा आहे, म्हणजे लिटरला साधारण ७० ते १४० मिलिग्रॅम, आणि १५ लिटरच्या पंपाला अवघा एक ते दोन ग्रॅम. एवढे वजन घरच्या तराजूवर नीट होत नाही आणि चमच्याने अंदाज घेतला की मात्रा सहज तिप्पट होते. त्या मात्रेला तेच आम्ल वाढ खुंटवते आणि पाने भाजते. पाण्यात ते सावकाश विरघळते, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओतावे लागते. सोनाराच्या काट्यासारखा बारीक वजनकाटा हाताशी नसेल तर या पर्यायाच्या वाटेला न गेलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवग्याच्या पाल्याचा अर्क घरचा, जवळजवळ बिनखर्चाचा, आणि त्यामुळे लोकप्रिय आहे. कोवळा पाला वाटून, पिळून, गाळून मिळालेला रस सुमारे तीसपट पाण्यात मिसळायचा आणि काही तासांतच फवारायचा, कारण तो ठेवल्यावर आंबतो आणि पंपाच्या नोझलमध्ये बसतो. त्यातील झिएटिन हे सायटोकायनिन, म्हणजे पेशींची वाढ चालवणारे संप्रेरक, पाने हिरवी ठेवते आणि नवी फूट काढते. पाणी असताना हा गुण आहे, पाणी नसताना तोच अवगुण ठरू शकतो. सायटोकायनिन बहुतांशी ॲब्सिसिक आम्लाच्या उलट दिशेने काम करते, त्यामुळे मार्चमध्ये कोवळी पालवी उभी करून एप्रिलमध्ये तिला पाजायला पाणी नसणे हा सौदा कलमाला परवडणारा नाही. टँकर किंवा शेततळे हमखास असलेल्या शेतकऱ्याने हा अर्क पावसाळ्यानंतर जरूर वापरावा. कोरडवाहू आळ्यावर जगणाऱ्या कलमांना उन्हाळ्याच्या तोंडावर तो देऊ नये.

पाइनच्या राळेपासून बनणारी बाष्परोधके तिसऱ्या प्रकारची, पानावर पातळ थर धरणारी असतात. रोपवाटिकेतून शेतापर्यंतच्या वाहतुकीत आणि लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा उपयोग आहे. ४२ अंशांच्या मे महिन्यात मात्र पानाला थंड ठेवणारे बाष्पीभवनच बंद होते, म्हणून उभ्या बागेसाठी ती विचारात घेतलेली नाहीत.

निवड करताना खर्चापेक्षा आपल्या पाण्याचा आणि दिनदर्शिकेचा विचार आधी करावा लागतो. ज्याच्याकडे ठिबक आहे आणि आठवड्याला एक-दोन वेळा तरी पाणी देता येईल, त्याने पैसे समुद्रशैवालावर घालावेत, कारण मुळांत गुंतवलेला रुपया दुसऱ्या उन्हाळ्यालाही उपयोगी पडतो. ज्याचे पाणी मार्चअखेर हमखास आटते आणि ज्याला मडके किंवा टँकरवर झाडे जगवायची आहेत, त्याने फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी बीटाईनच्या दोन फवारण्या कराव्यात. दीड-दोनशे कलमांची बाग असेल तर कलमे लहान असल्यामुळे द्रावण फार लागत नाही आणि हा खर्च पेलवतो. एकाच बागेत दोन्ही वापरण्यास हरकत नाही, कारण त्यांची वेळ आणि काम वेगळे आहे. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणात मात्र यांपैकी काहीही मिसळू नये. फवारणी सायंकाळी आणि पानाच्या खालच्या बाजूने करावी, कारण मोसंबीची रंध्रे तेथे असतात. केवळ वरून धुतलेली पाने म्हणजे वाया गेलेले द्रावण.

कलम अजून घ्यायचेच असेल, तर या सगळ्याआधीचा एक निर्णय अधिक मोठा आहे. रंगपूर लिंबाच्या खुंटावरील (म्हणजे मुळे त्या लिंबाची असलेले) कलम अवर्षणाला तुलनेने तग धरते आणि त्या खुंटाने केलेले काम कोणतीही फवारणी भरून काढत नाही. जुन्या बागेला बहारासाठी (फुलोरा येण्यासाठी) पाणी तोडून दिला जाणारा ताण कोवळ्या कलमांना कधीही देऊ नये, हे जाणते शेतकरी सांगतातच. पण मोठ्या झाडांच्या ठिबक-नळीवरच नवी कलमे जोडलेली असली की डिसेंबरात तो ताण नकळत दिला जातो, म्हणून त्यांची नळी वेगळी ठेवावी. आळ्यावर तुरकाट्या, सोयाबीनचे कुटार किंवा उसाचे पाचट यांचे चार बोटे जाड आच्छादन नसेल तर वरील एकाही बाटलीचे झाकण उघडण्याची घाई नको.

एक ओळ, किमान दहा कलमांची, काहीही न देता सोडावी आणि पाणी मात्र इतरांइतकेच द्यावे. अन्यथा जूनमध्ये जगलेली झाडे अर्काने जगली की वळवाच्या पावसाने, हे कळायला मार्ग उरत नाही. तुलना दुपारी करू नये, कारण दुपारी निरोगी कलमही पाने मिटवते. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, दोन्ही ओळींतून फिरावे. दिलेल्या ओळीतील पाने ताठ आणि न दिलेल्या ओळीतील मऊ असतील तर द्रव्य काम करत आहे. दोन्हीकडची पाने पहाटेही गुंडाळलेलीच असतील, तर पंप खाली ठेवून त्या दिवशी टँकर बोलवावा.