एच-फाइव्ह-पीवरचे विज्ञानाचे धडे: आठ महिन्यांनंतर, आणि ‘ऱ्य’ची अडचण

गेल्या जूनपासून मी करवीर तालुक्यातील आमच्या शाळेत पाचवीच्या परिसर अभ्यासाचे संवादी धडे एच-फाइव्ह-पीवर तयार करतो आहे. एच-फाइव्ह-पी म्हणजे रिकाम्या जागा भरणे, चित्रावर ओढून लावणे असे संवादी प्रश्न तयार करण्याचे साधन. ते मोफत आहे, ल्युमी या संगणकावरील अ‍ॅपमधून त्याचा धडा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये साठवता येतो आणि वर्गात नेट नसले तरी चालतो, एवढे मला पुरेसे होते. शाळेचा एक रुपयाही खर्च झालेला नाही.

खटका उडाला तो जलचक्राच्या धड्यात. ‘ढग ...... एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात’ या रिकाम्या जागेत एका मुलीने ‘वाऱ्यामुळे’ असे अचूक लिहिले, तरी लाल खूण आली. तिने शब्द खोडून पुन्हा लिहिला, पुन्हा लाल. तेव्हा तिने टॅब माझ्यापुढे धरला आणि विचारले, “गुरुजी, माझं काय चुकलंय?” अक्षर न् अक्षर तपासूनही मला चूक सापडेना. बरोबर उत्तराला चूक ठरवणारे साधन मुलांच्या हातात द्यायचे नाही, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले होते.

ते मत मला बदलावे लागले, कारण दोष साधनाचा नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. माझ्या संगणकाचा कळफलक पहिली रीत वापरतो, टॅबचा दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. उपाय असा की, उत्तर भरताना मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही रूपे लिहायची. ‘पाऱ्याची’, ‘ताऱ्यांचा’, ‘किनाऱ्यावर’ असे शब्द प्रत्येक धड्यातून हुडकून काढण्यात माझे दोन रविवार गेले. नवीन धडा करणाऱ्यांनी हे काम आधीच उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पट्टी ओढून चित्रावर योग्य जागी ठेवण्याच्या प्रश्नप्रकाराने मात्र मला फार समाधान दिले. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या चित्रावर मुले ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी लावतात. ज्यांच्या घरात २०२१ साली पाणी शिरले होते, त्यांना पट्टी कुठे ठेवायची हे सांगावे लागत नाही. गगनबावड्याकडे कोसळलेला पाऊस नदीतून इथवर कसा येतो, हे तीच इतरांना समजावतात. याच धड्यात ‘बंधाऱ्याजवळ’ ही रिकामी जागा मी मुद्दाम ठेवली आहे, दोन्ही रूपांसह.