ऑडिटचा केस प्रोजेक्ट: वाटून की मिळून?

एम.कॉम.ला असलेली मावसबहीण विचारत होती, चौघींनी विषय वाटून घ्यावेत की सगळं एकत्र बसून करावं? केस एका कापड व्यापाऱ्याची.

वेळेचं म्हणाल तर वाटणीच बरी. एकत्र बसलं की एक टाइप करते, तिघी मोबाइल बघतात. (आमच्या गटात टाइप करणारा मीच.)

पण चुका सापडायला वाटणी वाईट. माल ३१ मार्चला गोदामातून गेला, बिल फाडलं २ एप्रिलला. विक्रीवालीचं रजिस्टर जुळतं, साठावालीची मोजणीही जुळते. वर्षाची विक्री मात्र कमी दिसते. माल पाठवल्याचं चलन आणि बिल शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही. मटेरियॅलिटीचंही (म्हणजे किती रकमेपर्यंतची चूक सोडून दिली तरी चालेल, ती मर्यादा) तेच: एकीनं ५०,००० सोडून द्यायचे आणि दुसरीनं ५,०००साठी पानं भरायची! एसए ३२० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे तो आकडा नियोजनातच ठरायला हवा.

तोंडी परीक्षेत शेजारणीच्या वर्किंग पेपरवर (तपासणीच्या नोंदींवर) प्रश्न आला की वाटणीवाल्यांचं त-त-प-प होतं.

हातात आठवडाच असेल, तर वाटून घ्या. फक्त मटेरियॅलिटी आणि जोखमी आधी मिळून ठरवा, शेवटी कागद अदलाबदल करून तपासा. महिनाभर असेल आणि पुढे आर्टिकलशिप (सीएकडची उमेदवारी) करायची असेल, तर एकत्रच बसा.